आक्काची लाईन

कल्लाप्पा अण्णांना नवा माणूस भेटला की ते त्याचं आडनाव विचारत नसत. आधी गाव विचारायचे, आणि गावापाठोपाठ माती. "काळी का तांबडी? उन्हाळ्यात भेगा पडत्यात? मुरूम कितीवर लागतोय?" समोरचा माणूस बँकेतला कारकून असो नाहीतर लग्नातला आचारी, त्याला हे सांगावंच लागे. मी कामाला लागले त्या दिवशी मलाही हाच प्रश्न आला. मी म्हटलं, "मी वडगावची, विणकराची पोर. आमच्या घरात माती येते ती फक्त गणपतीच्या रूपानं." अण्णांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि म्हणाले, "मग तुला सूत कळत आसंल. बस्स झालं. आमचंबी काम सुताचंच हाय."

बेळगावाबाहेर, मच्छे गावाच्या बाजूला आमच्या ठेकेदाराचं गोडाऊन आहे. इंटरनेटची केबल टाकायची आणि टाकलेली सांभाळायची, हे आमचं काम. एका अंगाला निपाणीपर्यंतची काळी रानं, दुसऱ्या अंगाला खानापूरचं जंगल, मधे बेळगाव शहरातली गटारं. मी स्टोअर सांभाळते. अण्णा लाईनचे सुपरवायझर होते. केबल कुठून न्यायची, चर किती खोल मारायचा, कुठल्या जातीची केबल घालायची, हे ते आणि आमचे इंजिनिअर साहेब मिळून ठरवत. साहेब हुबळीकडचे, कन्नड. दोघांचं भांडण निम्मं कन्नडात आणि निम्मं मराठीत चाले, आणि चहा आला की मिटे.

अण्णा कडोलीचे. डोक्यावर गांधी टोपी आणि पायात गमबूट, असा अवतार मी तरी दुसरा बघितलेला नाही. उन्हाळ्यातही गमबूट. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "खड्ड्यातनं वर आल्यावर पाय धुवायचं काय कारण न्हाय." गावच्या साहित्य संमेलनाला दरवर्षी रजा टाकून जायचे आणि मांडवाच्या अगदी मागं, माईकच्या पेटीशेजारी बसायचे. एकदा मी विचारलं, यंदाचे पाहुणे कसे बोलले? तर म्हणाले, "आवाज चांगला हाय. पर वरचं कातडंच लई जाड. आत काच हाय का न्हाय, शेवटपत्तोर कळलं न्हाय."

हे कातड्याचं आणि काचेचं काय, ते सांगायला त्यांच्या खांद्यावरची पिशवी सांगितली पाहिजे. जाड खादीची ती पिशवी, आणि तीत केबलचे वीतवीतभर तुकडे. खेड्यात चर खणायला गेलं की माणसं जमतात. इंटरनेट काचेतून येतं म्हटल्यावर हसतात. मग अण्णा पारावर बसून पिशवीतला एक तुकडा काढायचे आणि चाकूनं सोलायला लागायचे. मी तो सोहळा किती वेळा बघितला याचा हिशेब नाही. तरी दर वेळी हातातलं काम ठेवून बघत उभी राहायचे.

आधी वरचं काळं कातडं निघे. "ह्ये उन्हासाठी. दुसरा रंग दिला तर उन्हानं खडखडीत हुतंय आनि तडकतंय. काळं टिकतंय." त्याखाली शेडवर घालतात तसल्या वळ्यावळ्यांचा, पण कागदाएवढा पातळ पोलादी पत्रा. "ह्यो उंदरासाठी आनि घुशीसाठी." मग पांढरा, कोरडा दोरा. तो ते जमलेल्यांपैकी कुणाच्या तरी ओल्या हातावर ठेवत. दोरा बघता बघता टम्म फुगे. "पाणी आत शिरलं की ह्यो फुगतोय आनि म्होरची वाट बंद करतोय." मग पिवळं सूत, ओढ सोसायला. मधोमध एक कडक काडी, तिला ते कणा म्हणत. त्या कण्याभोवती पीळ घातलेल्या बारक्या नळ्या, नळीत व्हॅसलीनसारखा चिकट लगदा, आणि त्या लगद्यात केसासारखे रंगीत धागे. त्यांतला निळा धागा ते नखावर उचलून धरत.

"आनि ह्यी काच. हिनं कायबी सोसायचं न्हाय. हिनं फकस्त बोलायचं. सोसायचं काम बाकीच्यांनी करायचं."

मग ते सगळ्यांना नळीत वाकून बघायला लावत. आतली काच नळीपेक्षा थोडी लांब असते, जरा सैल, नागमोडी पडलेली. बाहेरून कुणी ओढलं तर नळी ताणली जाते, काच ताणली जात नाही. "काचंला ढील पायजे. ताठ ठिवली की मोडली." एवढं सांगून ते तुकडा पिशवीत टाकत आणि चहा मागत.

त्या पिवळ्या सुताचा एक गुंडा मी एकदा घरी नेला होता. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, साठ वर्षं साडीच्या मागावर बसलेले. सूत कुठलंही असो, बोटाला वेढा देऊन एका हिसक्यात तोडायचं ही त्यांची खोड. मी सांगितलं, हे तुटत नाही. ते म्हणाले, "सूत हाय म्हंजे तुटतंय." दिला वेढा, मारला हिसका. सूत शाबूत राहिलं आणि बोट कापलं. रक्त धरून बसले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ही हकीकत मी अण्णांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. सुटीच्या दिवशी आमच्या घरी आले, आप्पांच्या शेजारी मागावर टेकले आणि म्हणाले, "मामा, ह्या सुताला कातरीबी येगळी लागतीया. तुमच्या बोटानं तोडाय लागलात तर आमची केबल कोन घील?" आप्पांचा राग तिथंच गेला. नंतर दोघं बराच वेळ पिळावर बोलत बसले होते. ताण्याला पीळ किती, नळ्यांना पीळ किती, उलटा का सुलटा. मला त्यातलं अर्धं कळलं. निघताना अण्णा दारात मला म्हणाले, "तुझ्या आप्पाला केबलच्या कारखान्यात घातलं पायजे हुतं गं. ह्या वयात आता त्येला कोन घेतंय."

माझं आणि त्यांचं एकच भांडण होतं आणि ते कायमचं होतं. ते केबल जास्त न्यायचे. रस्ता मोजून मी जेवढी केबल काढून द्यायची, त्यावर त्यांना वाटेतल्या प्रत्येक झाकणाच्या खड्ड्यामागे वेटोळं घालण्याएवढी जादा हवी असे. आमच्या धंद्यात अशी थोडी जादा केबल ठेवतातच. खड्ड्यात गुंडाळून ठेवायची, उद्या कुठं तुटलं तर ओढून घेऊन जोडता येते. पण अण्णांचं वेटोळं इतरांच्या दुप्पट. त्याला ते माहेर म्हणत. "लेकीला कसं म्हायार पायजे, तसं केबललाबी पायजे. सासरी तुटलं-फाटलं तर मागं यायला जागा नको?" त्यांच्या हाताखालची सगळी माणसं तोच शब्द वापरू लागली. फोनवर ऐकू यायचं, "माहेर ठेवलं काय रं दोन्हीकडं?" मी म्हणायची, "अण्णा, तुमच्या लेकी माहेरी येऊन बसतात आणि माझे ड्रम रिकामे होतात." स्टोअर सांभाळणारा माणूस कंजूष नसेल तर त्यानं दुसरं काम बघावं. मी केबल कापायची कातर हातात घ्यायची, ते टोपी काढून हातात घ्यायचे, आणि शेवटी मी द्यायची.

अण्णांचं चुकायचं नाही असं नाही. निपाणीकडच्या एका गावात ते चांगलंच चुकले. तिथली माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. या ओढाताणीत पुरलेली केबल दरसाल ताणली जायची. साहेबांचं म्हणणं होतं की आणखी खोल जाऊ, पाईप घालून त्यातून सैल नेऊ. अण्णा म्हणाले, कशाला? उसाच्या बांधावरून बुटक्या खांबांवर नेऊ, मातीशी संबंधच नको. खर्च कमी, काम लवकर. साहेबांनी ऐकलं. वर्षभर सगळं झकास चाललं. मग ऊस तुटून गेला, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे शेतकऱ्यानं रानातलं पाचट पेटवलं. बांधाच्या कडेनं आग गेली आणि आमची केबल मेणासारखी ठिबकली. पत्रा राहिला, सूत राहिलं, आतल्या नळ्या वितळून एकमेकींना चिकटल्या. सगळं गाव बंद.

आम्ही जीप घेऊन पोचलो तर तो शेतकरी हात जोडून बांधावर उभा. केस होईल म्हणून बिचारा घामाघूम. अण्णा त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"तू कशाला भितोस रं? दरसाल पेटवतोस न्हवं?"

"व्हय अण्णा. आज्ज्यापासनं पेटवतोय."

"मग? तुजं काय चुकलं? तुला न इचारता मी आलोय तुज्या बांधावर."

साहेबांकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, तुमचं खरं हुतं. आमच्या कडोलीला पाचट जनावराखाली आंथरत्यात. पेटवत्यात ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाय. मी माती इचारली, माणसाला इचारलं न्हाय." साहेबांनी नुसतं "आयतु अण्णा, झालं ते झालं," म्हटलं. पुन्हा खोल चर मारून पाईपातून केबल गेली. तो वितळलेला तुकडा अण्णांनी पिशवीत टाकला. त्यानंतर गावोगावच्या पारावर तो सगळ्यात शेवटी बाहेर निघायचा, आणि मातीच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर पडली. "पीक निघाल्यावर रानात काय करता?"

आता त्यांच्या फोनबद्दल. थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, वाडीत आमची केबल पोचल्यापासून, दिवेलागणीच्या सुमाराला, काम कुठंही असो, अण्णा चार पावलं बाजूला जायचे आणि फोन लावायचे. बोलणं ठरलेलं.

"आक्का, ऐकू येतंय न्हवं?"

पलीकडून काही उत्तर यायचं.

"बरं. ठिवतो."

बस्स. जेवलीस का नाही, पाऊस आहे का नाही, काही नाही. साहेब चिडवायचे, "काय अण्णा, टेस्टिंग आयतु?" अण्णा गंभीरपणे मान हलवायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. बहिणीला फोन करतो आणि बोलत काहीच नाही, असला कसला भाऊ! मग एकदा सामान पोचवायला मी त्यांच्याबरोबर जीपनं गुंजीला निघाले, आणि खानापूर मागं पडल्यावर त्यांनी न विचारता सांगायला सुरुवात केली.

त्यांची आई लवकर गेली. आक्का थोरली, तिनंच यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढं तिला गुंजीच्या पलीकडं, जंगलातल्या एका वाडीत दिली. मधे ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की वाडी तुटायची, उतरेल तेव्हा माणूस पलीकडं जाणार. कडोलीत वडील गेले ते असल्याच पावसात. चुलतभावाला निरोप घेऊन पाठवलं. तो ओढ्यापर्यंत गेला, पाणी बघितलं, काठावर भेटलेल्या एका गाडीवानाला निरोप सांगितला आणि माघारी आला. तो निरोप वाडीत कधी पोचलाच नाही.

"दिवस-कार्य झालं," अण्णा म्हणाले. "आमाला वाटलं, कळलं आसंल, पर वाट न्हाय म्हणून आली न्हाय. आनि पंचमीला आक्का आली. माहेरपणाला. नवं लुगडं, हातात पानात बांधल्याली अळंबी. आबाला लई आवडायची. येशीत एक म्हातारी बसलीती. ती म्हणाली, 'आता आलीस व्हय गं?' आक्का हसली. तिला वाटलं, पंचमीला उशीर झाला म्हणून बोलतीया."

जीप चालत राहिली.

"ती अळंबी आमी खाल्ली न्हाय आनि टाकलीबी न्हाय. परसात वाळून गेली. त्याबद्दल आक्का मला एक वाकडा शबुद बोलली न्हाय. आजपत्तोर न्हाय. बोलली आस्ती तर बरं झालं आस्तं गं."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

म्हणूनच जंगलातल्या वाड्यांना केबल न्यायचं काम आमच्याकडं आलं होतं तेव्हा अण्णांनी साहेबांकडं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तो रस्ता मला द्या, एवढंच. आणि तो रस्ता सोपा नव्हता. वनखात्याच्या परवानगीनं फक्त रस्त्याच्या कडेला खणायचं, खाली जांभा दगड, वर झाडांची मुळं. उंदीर होते, साळिंदर होतं, वाळवी होती. अण्णा म्हणाले, पोलादी पत्र्याची केबल घालू. साहेब म्हणाले, "अण्णा, तिथं वीज किती पडते ठाऊक आहे ना? झाडावर पडली की मुळातून उतरणार, तुमच्या पत्र्यातून पळत वाडीपर्यंत जाणार." उंदराला पत्रा हवा आणि विजेला पत्रा नको. दोन दिवस अण्णा पिशवीतले तुकडे पुन्हा पुन्हा सोलून बघत बसले. मग साहेबांनीच कुठून तरी अशी केबल मागवली, जिच्यात पत्र्याच्या जागी काचतंतूंच्या चपट्या, कडक पट्ट्या असतात. उंदराचे दात तिच्यावर चालत नाहीत आणि विजेला तिच्यात वाट नाही. वाळवीसाठी वरून नायलॉनचं गुळगुळीत कातडं. ड्रम गोडाऊनात उतरला तेव्हा अण्णांनी त्यावरून हात फिरवला, आणि पिशवीत ठेवायला माझ्याकडं तुकडा मागितला.

ओढ्यावर आता साकव झाला होता. त्याच्या कडेनं लोखंडी पाईपातून केबल नेली. वाडीतल्या दूध डेअरीत पेटी बसली, आणि तिथून एक बारकी तार आक्काच्या घरातल्या फोनला. माहेर मात्र या रस्त्यावर त्यांनी दुप्पट नव्हे, तिप्पट ठेवलं. मी तेव्हा टोपी काढायची वेळ येऊ दिली नाही.

त्या लाईनीला ऑफिसात सगळे "आक्काची लाईन" म्हणत. पण घरं थोडी, मोबाईलला रेंज नाही, बिघाड झाला तर जीपचा दिवसभराचा फेरा. वरून निरोप आला की पावसाळ्यात ही लाईन एकदा जरी पडली तरी दुरुस्तीला जाऊ नका, सोडून द्या. साहेबांनी तो अण्णांना सांगितला तेव्हा मी तिथंच होते. अण्णांनी वाद घातला नाही. पोटतिडकीनं कुणाला काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पडायची न्हाय." आणि आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, आगगाडीनं गुंजीला उतरून ते तो सगळा रस्ता पायी बघून यायला लागले. खड्ड्यांची झाकणं, साकवावरचा पाईप, कुठं माती खचली का, कुठल्या झाडाचं मूळ उघडं पडलंय. तेव्हा त्यांच्या छातीत दुखायचं, हे नंतर कळलं.

आषाढाच्या अखेरीला पाऊस असा लागला की बेळगावातच माणसं घरात बसली. गुंजीच्या पुढं रस्त्यावर झाड पडल्याचं कळलं, आणि आम्ही जोडणीचं सामान घेऊन निघालो. भलीमोठी जांभळ मुळासकट उलथली होती. तिच्या मुळांनी आमची केबल जमिनीतून उपसून वर काढली होती. पुरुषभर उंचीवर ती हवेत ताणलेली, पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "संपली लाईन." मी अण्णांकडं बघायचं टाळलं.

अण्णा छत्री टाकून मुळांपाशी गेले आणि केबलवर बोट ठेवलं. नाडी बघतात तसं. तेवढ्यात वाडीकडून दूधवाला खांद्यावर कॅन घेऊन चिखल तुडवत आला.

अण्णांनी विचारलं, "डेअरीत लाईन हाय काय रं?"

"हाय की. आत्ताच पोराशी बोलून आलोय, गोव्याला."

आम्ही दोन्ही बाजूंची झाकणं उघडून बघितली. खड्ड्यातली वेटोळी उलगडली होती. झाडानं ओढलं तेवढी केबल दोन्हीकडून सरकत गेली होती आणि काचेला ताण लागला नव्हता. अण्णा त्या पडलेल्या जांभळीवर बसले. टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, मिशांतून पाणी गळतंय, आणि हसत होते. हसता हसता त्यांनी तोंडावर हात धरला. मी पुन्हा दुसरीकडं बघितलं, कारण ते रडतायत हे मला कळलं होतं.

"शोभा," ते म्हणाले, "माहेर भरून ठिवाय पायजे परत. केबल आणलीस न्हवं?"

"आणलीय की अण्णा. हवी तेवढी घ्या."

गड्यांना कामाला लावून ते वाडीकडं चालत निघाले. इतक्या लांब आलोय तर आक्काला भेटून येतो म्हणाले. जंगलातल्या त्या रस्त्यावरून छत्री, पांढरी टोपी आणि गमबूट लांब जाताना मी बघत होते. एका वळणावर थांबले, पायानं एका झाकणावरची माती दाबली आणि पुढं गेले. चालते-बोलते अण्णा मी बघितले ते शेवटचे. ती लाईन सोडून द्यायची भाषा नंतर कुणी काढली नाही.

झाड पडल्याला चारच दिवस झाले होते, पंचमी तोंडावर आली होती. सकाळी गोडाऊन उघडते तोच अण्णांच्या घरून वैनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. पहाटे उठले, चूळ भरली, छातीला हात लावून ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. वैनी रडत नव्हत्या. त्या फक्त म्हणाल्या, "शोभा, आक्काला कळवाय पायजे. माज्यानं बोलवत न्हाय. तू लाव."

बाहेर तोच पाऊस होता. आक्काचा नंबर लावायला मी बोट उचललं. लाईन लागली नाही तर काय, आणि लागली तर काय? दोन्हींतलं कशाचं भय जास्त, हे मला आजही सांगता येणार नाही. घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग फोन उचलला गेला आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडून म्हातारा, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला.

"येतंय की रं कल्लू, ऐकू येतंय!"

तिला त्या फोनवर दुसरं कोण बोलणार होतं? मी कसंबसं नाव सांगितलं. मग सांगितलं. तिकडून काही आवाज येईना. मला वाटलं, लाईन तुटली. मी वेड्यासारखी "आक्का, आक्का" करत राहिले. लाईन तुटली नव्हती. तिच्या कौलांवर पडणारा पाऊस मला ऐकू येत होता.

"मी येतोय म्हणावं," ती म्हणाली. जुन्या बायका आमच्याकडं असंच, पुरुषासारखं बोलतात. "ठिवा म्हणावं त्येला. मी येतोय."

साहेबांनी स्वतः जीप काढली. वाडीतल्या माणसांनी आक्काला साकव ओलांडून रस्त्यापर्यंत आणलं. कडोलीत अण्णांना अंगणात, ताडपत्रीखाली ठेवलं होतं. पाऊस वाढतोय, लाकडं भिजतील, किती वेळ ठेवायचं, अशी जाणत्यांची कुजबुज सुरू झाली तेव्हा वैनी उंबऱ्यातून उठून बाहेर आल्या. "आक्का आल्याबिगर उचलायचं न्हाय," एवढं बोलून पुन्हा जाऊन बसल्या. जाणत्यांनी लाकडांवर आणखी एक ताडपत्री ओढली.

दुपार कलताना जीप आली. मी आक्काला पहिल्यांदा बघत होते. वाळक्या शेंगेसारखी बारकी म्हातारी, काष्ट्याचं भिजलेलं लुगडं, पायाला पिंढरीपर्यंत तांबडी माती. हात रिकामे. वेशीपासून दारापर्यंत तिला कुणी काही विचारलं नाही. ती सरळ ताडपत्रीखाली आली आणि अण्णांच्या उशाशी बसली. तिनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. टोपी जरा वाकडी झाली होती, ती नीट केली. गमबूट दाराशी तसेच उभे होते. त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग ती खाली वाकली. आम्हाला वाटलं, आता हंबरडा फोडणार. वैनी तिला धरायला पुढं झाल्या.

आक्कानं तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि फोनवर बोलावं तसं, जरा मोठ्यानं विचारलं, "कल्लू, ऐकू येतंय न्हवं रं?"